बंद घरातील गळती आणि आठ बिऱ्हाडे

आपल्या खानदेशात धाब्याच्या घरांचा एक रिवाज होता, काही खेड्यांत तो आजही आहे. मृग लागायच्या आत धाब्यावर खारी माती चढवायची, ती चोपायची आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या. दोन घरांमधली भिंत सामायिक असायची. एकाने धाब्याकडे दुर्लक्ष केले की ओल दुसऱ्याच्या भिंतीत मुरायची. म्हणून शेजारी शेजाऱ्याला हटकायचा आणि हटकण्याचा कोणी राग मानायचा नाही.

आता कष्टकरी माणूसही फ्लॅट घेऊ लागला आहे. औद्योगिक वसाहतीमुळे आमच्या नरडाण्यातही दोन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. कर्ज काढून, बायकोचे डोरले गहाण ठेवून आपण घर घेतो. दारावर नावाची पाटी लागते तेव्हा ऊर भरून येतो. पण पाटीच्या आतले तेवढे आपले आणि बाहेरचे कोणाचे, हा प्रश्न आपण विचारीत नाही. गच्ची, जिना, टाकी, सांडपाण्याचा पाईप, मीटरचा बोर्ड ही कोणाची? उत्तर मिळते, "बिल्डरची." बिल्डर तर चावी देऊन कधीच निघून गेलेला असतो.

आम्ही राहतो त्या इमारतीत आठ बिऱ्हाडे आहेत. पाच घरे एका खोलीची, तीन दोन खोल्यांची. कोणी कारखान्यात, कोणी हमालीला, कोणी रिक्षावर. 2022 च्या जुलैत एका मंगळवारी पहाटे तळमजल्यावरच्या मावशींनी जिन्यातून हाक दिली, "भाऊ, मीटरम्हा पानी जाई ऱ्हायनं!" खाली जाऊन पाहिले तर पहिल्या मजल्यावरच्या बंद घरातून पाणी झिरपत होते. भिंतीवरून ते थेट मीटरच्या बोर्डावर उतरत होते.

त्या घराचे मालक सुरतेला कामाला आहेत. घराला कुलूप आणि चावी त्यांच्याकडे. आम्ही आधी मुख्य बटण बंद केले आणि गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला. धोका टळला, पण आठही घरे विजेविना आणि पाण्याविना राहिली. टाकीला व्हॉल्व्ह एकच होता. एका घरात दोन महिन्यांचे बाळ होते, दुसऱ्या घरी आजारी म्हातारे. सुरतेला फोन लावला. मालक म्हणाले, "रविवारी सुटी आहे, तेव्हा येतो. तोवर कोणी कुलपाला हात लावायचा नाही." म्हणजे पाच दिवस.

येथे बैठकीत दोन तट पडले. काही म्हणाले, दुसऱ्याचे कुलूप तोडणे ही घरफोडीच होय, उद्या सोने गेले म्हटले तर? काही म्हणाले, मग बाळाला पाच दिवस अंधारात ठेवायचे काय? दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही बी.कॉम. शिकलेले कारकून. कागद पाहिल्याशिवाय बोलायचे नाही ही सवय. इमारतीचे जाहीरनाम्याचे कागद काढून वाचले. आमची इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा 1970 खाली नोंदलेली आहे. या कायद्यात प्रत्येक घराबरोबर सामायिक भागातला अविभाज्य हिस्सा येतो आणि जाहीरनाम्यात त्याची टक्केवारी लिहिलेली असते. आमच्याकडे लहान घराला 11 टक्के, मोठ्या घराला 15 टक्के.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे. सामायिक भागाचे किंवा दुसऱ्याच्या घराचे नुकसान टाळण्यासाठी तातडीची दुरुस्ती करावी लागली, तर घरमालकांच्या संघाला कोणत्याही घरात प्रवेश करण्याचा हक्क आहे. हा हक्क कोणाला काढून घेता येत नाही. तो वाचून दाखवल्यावर सर्वांचा जीव भांड्यात पडला. पण हक्क आहे म्हणून तो कसाही बजावायचा नसतो. आम्ही सुरतेला पुन्हा फोन केला, कायदा समजावून सांगितला, मोबाईलवर तसे लिहूनही पाठवले आणि दुपारपर्यंत वाट पाहिली. मग गावातले दोन जाणते पंच बोलावले. कुलूप काढण्यापासून दुरुस्ती संपेपर्यंत मोबाईलवर चित्रण चालू ठेवले. न्हाणीघराखेरीज कोठेही पाय ठेवला नाही. फुटलेला सांधा प्लंबरने बदलला. नवे कुलूप लावले, चावी पाकिटात घालून त्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. रविवारी मालक आले तेव्हा रागात होते. पण चित्रण पाहिले, पाकीट हातात घेतले आणि शांत झाले. संशयाला जागा ठेवली नाही म्हणून भांडण झाले नाही.

मग आला पैशाचा प्रश्न. घरातल्या सांध्याचे 3,200 रुपये. ते त्या घरमालकानेच द्यायचे, कारण नळ त्यांच्या घरातला. मीटरचा बोर्ड आणि वायरिंग 9,600. बोर्ड सर्वांचा, म्हणून तो टक्केवारीने वाटला. लहान घराला 1,056 आणि मोठ्याला 1,440. त्याच वेळी वायरमनने गच्चीच्या ओलीकडे बोट दाखवले. ते काम 48,000 चे निघाले. तळमजल्यावरचा एक भाऊ म्हणाला, "गच्चीशी आमचा काय संबंध? आम्ही तर वर जातही नाही." हा वाद आपल्या प्रत्येक इमारतीत होतो. कायद्याचे उत्तर सरळ आहे. मी वापर करीत नाही असे म्हणून किंवा घर बंद ठेवून कोणालाही सामायिक खर्चातून सुटता येत नाही. आणि साधे व्यवहारज्ञान सांगते की गच्चीचे पाणी मुरत मुरत खांबात उतरले तर तळमजलाही उभा राहणार नाही.

सर्वांत अवघड वेळ आली ती तळमजल्यावरच्या मावशींमुळे. नवरा गेलेला, स्वतः चार घरची धुणीभांडी. गच्चीचा त्यांचा हिस्सा 5,280 रुपये. बैठकीत कोणीतरी चांगल्या मनाने म्हणाले, "मावशींचा हिस्सा आपण सात जण भरून टाकू." मावशी उठून उभ्या राहिल्या. "माफी नको भाऊ. पावती मना नावनी फाडा. घर मनं शे." सारी बैठक गप्प झाली. मग ठरले की दर महिना 440 रुपये, बारा हप्ते. ठेकेदाराला पैसे एकदम द्यायचे होते, म्हणून उरलेल्यांनी ती रक्कम उसनी घातली आणि वहीत तसे लिहिले. मावशींनी बाराही हप्ते फेडले. बाराही पावत्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या आहेत.

ज्याला ऐपत नाही त्याला दया दाखवली तर तो बैठकीत मान खाली घालून बसतो. सवलतीची मुदत दिली तर तो बरोबरीने बोलतो. आपल्या वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात ठेवावा.

दुर्लक्षाची किंमत किती असते, हे आजवरच्या घटना सांगतात. 25 जुलै 2017 रोजी मुंबईत घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून 17 माणसे गेली. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि त्यात खांबांना धक्का लागला, असा रहिवाशांचा आरोप होता. कोणाही घरमालकाने इमारतीच्या मजबुतीला बाधा येईल असे काम करू नये, असे 1970 चा कायदाही बजावतो. ही गोष्ट गरीब देशापुरती नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील सर्फसाइड गावी 24 जून 2021 च्या रात्री बारा मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि 98 जण दगावले. 2018 सालीच अभियंत्याने तेथील काँक्रीटचे नुकसान लेखी कळवले होते. दुरुस्तीचा खर्च कोट्यवधी डॉलर निघाला आणि घरमालकांत त्यावरून वाद होत राहिले. दुरुस्तीचे मोठे काम पूर्ण होण्याआधीच इमारत पडली. तेथे पैसा होता, पण वेळेवर एकमत झाले नाही.

आमच्या इमारतीत त्यानंतर जे ठरले ते येथे देतो. कोणाला उपयोग होईल तर घ्यावे.

पहिले, प्रत्येक बंद घराची एक चावी इमारतीतल्याच विश्वासाच्या बिऱ्हाडाकडे, मालकाच्या पसंतीने. दुसरे, पाणी, वीज किंवा पडझड यांमुळे जिवाला धोका असेल ती दुरुस्ती तातडीची. तिच्यासाठी समितीतले कोणतेही दोघे त्याच दिवशी 5,000 रुपयांपर्यंत खर्च करू शकतात, सात दिवसांत पावत्या बैठकीपुढे ठेवायच्या. रंगरंगोटी तातडीची नव्हे, ती बैठकीतच ठरेल. तिसरे, महिन्याची वर्गणी, लहान घराला 220 आणि मोठ्याला 300. वर्षाला 24,000 जमतात. पैसे दोघांच्या सहीच्या बँक खात्यात, हिशेब जिन्यातल्या फळ्यावर. चौथे, प्रत्येक घराला टाकीपासून स्वतंत्र व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच्या गळतीपायी आठ घरे तहानलेली राहणार नाहीत.

ज्यांची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे, त्यांचे नियम वेगळे आहेत. तेथील आदर्श उपविधींत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड पाव टक्का सांगितला आहे. म्हणजे चार लाख बांधकाम खर्चाच्या घराला वर्षाचे 4,000 रुपये. आमची वर्गणी त्याच्या मानाने तोकडी आहे. पुढील वर्षी ती वाढवण्याचा विषय बैठकीपुढे आहे आणि त्यावर पुन्हा वाद होणार हे आम्ही धरून चाललो आहोत.

वाचक बंधू-भगिनींनो, मे महिना संपायच्या आत एका रविवारी आपापल्या इमारतीतली सर्व बिऱ्हाडे जिन्यात बसवा. स्त्रियांना अवश्य बोलवा, कारण गळती आधी त्यांनाच दिसते. जाहीरनामा किंवा उपविधी मोठ्याने वाचून घ्या. मग सर्व मिळून गच्चीवर जा, टाकी पाहा, मीटरचा बोर्ड पाहा आणि दिसेल ते वहीत लिहून त्याखाली सर्वांच्या सह्या घ्या.