सरळ केलेलं स्टेअरिंग

आमच्या तिसगावातून नगरला जाणारा रस्ता म्हणजे पूर्वीचा २२२ आणि आताचा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. कागदावर तो थेट तेलंगणात जातो. आमच्यासाठी मात्र तो करंजी घाट ओलांडून दवाखान्यापाशी संपायचा. अम्मीचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर, आणि गाडी जुनी मारुती ८००. १९८३ साली सुरू झालेली ही गाडी कंपनीनं २०१४ साली बंद केली, पण आमच्या भागात ती इतक्यात बंद होणार नाही.

त्या पावसाळ्यात गाडीचं पुढचं डावं चाक एका खड्ड्यात जोरात आदळलं. गाडी चालत राहिली. फक्त सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग डावीकडं वळवून धरावं लागायचं. मला ते बघवेना. भिंतीवरची वाकडी तसबीर जशी नजरेत खुपत राहते, तसं.

गॅरेजला जायला वेळ नव्हता, असं मी तेव्हा म्हणायचो. खरं तर पैसे नव्हते. एका रविवारी अंगणात स्वतःच कामाला लागलो. बॅटरीची काळी तार काढली, हॉर्नचं झाकण उचकटलं, मधला नट गोटी पान्यानं सैल केला. नट पूर्ण काढायचा नाही, दोन-चार आट्यांवर तसाच ठेवायचा, एवढं मला ठाऊक होतं. नाही तर ओढताना स्टेअरिंग तोंडावर येतं. त्याआधी दांडा आणि स्टेअरिंग मिळून एक खुणेची रेघ मारली, नेलपॉलिशची. आमच्याकडं वुजूमुळं नेलपॉलिश फारशी लावली जात नाही, बहिणीची ईदची बाटली अर्धी वाळूनच पडलेली असते. ती कामाला आली.

दांड्याला बारीक दाते असतात, त्यात स्टेअरिंग बसतं. ३६ दाते असतील तर एक दाता सरकवला की १० अंशांचा फरक पडतो. मी दोन दाते सरकवले, नट करकचून आवळला आणि चक्कर मारून आलो. स्टेअरिंग एकदम सरळ! (एअरबॅगच्या गाडीत मात्र हा उद्योग घरी करू नका. तिथं झाकणाखाली नुसता हॉर्न नसतो, फुटणारी वस्तू असते.)

दोन महिने मी खुशीत होतो. मग एका संध्याकाळी अब्बा गाडी धूत असताना पुढच्या टायरवर त्यांचा हात थांबला. बाहेरची कड गुळगुळीत झाली होती, एके ठिकाणी तर आतले दोरे दिसत होते. दुसऱ्या बाजूलाही तेच. सकाळी याच टायरांवर अम्मीला घाटातून न्यायचं होतं.

अब्बा गवंडी. जन्मभर ओळंबा, गुण्या आणि दोरी यांच्यावरच त्यांचा भरवसा. ते घरातून विटांच्या रांगेला लावायची दोरी घेऊन आले, मागच्या चाकाच्या दोन्ही कडांना टेकवून पुढं ताणली आणि मला टोक धरायला लावलं. पुढच्या चाकाची मागची कड दोरीजवळ होती, पुढची कड आत गेलेली. उजवीकडंही तसंच. स्टेअरिंग सरळ, आणि दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडं वळलेली.

"स्टेअरिंग सीधा किया तू," अब्बा म्हणाले. "चाकां कब सीधे किया?"

डाव्या बाजूचा टाय रॉड वाकला होता. स्टेअरिंग तिरपं झालं ते त्यामुळंच. रोज माझ्या डोळ्यांसमोर राहून ते तेच सांगत होतं. मी ते गप्प केलं. ते तिरपं राहिलं असतं, तर निदान कुणीतरी विचारलं तरी असतं की हे असं का. अब्बा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते दोरी गुंडाळत बसले. सकाळी अम्मी शेजाऱ्यांच्या गाडीतून गेली. तिला आम्ही सांगितलं, बॅटरी उतरली आहे.

पुढचे पैसे अब्बांनी एका बांधकामाच्या उचलीतून आणले. टायर आले. मी म्हणालो, आता टाय रॉड बदलून अलाइनमेंट करून आणतो. अब्बा म्हणाले, आधी स्टेअरिंग होतं तसं बसव. मला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. स्टेअरिंग मी सरकवलेल्या जागी सरळ धरून चाकं जुळवली असती, तर चाकं सरळ झाली असती, पण खालचा रॅक कायमचा मध्यापासून सरकलेला राहिला असता, आणि एका बाजूला गाडी कमी वळली असती. नव्या भिंतीचा गुण्या जुन्या वाकड्या भिंतीवरून घ्यायचा नसतो, असं काहीतरी ते पुटपुटले.

रात्री बल्बच्या उजेडात पुन्हा झाकण काढलं. नेलपॉलिशची रेघ दोन तुकड्यांत दिसत होती, एक दांड्यावर, एक स्टेअरिंगवर. तुकडे समोरासमोर आणून नट आवळला. दुसऱ्या दिवशी तिरपं स्टेअरिंग धरून सावकाश नगर गाठलं. रॉड बदलला, चाकं जुळवली, आणि स्टेअरिंगला कुणी हात न लावता ते सरळ झालं.

येताना अम्मी मागं, अब्बा माझ्या शेजारी. घाटाच्या अलीकडं सरळ पट्टा लागला तेव्हा त्यांनी वाकून स्टेअरिंगच्या आडव्या दांडीकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, मग पुन्हा दांडीकडं. अम्मीनं मागून विचारलं, बॅटरी नीट बसली का रे?

"बसली," अब्बाच म्हणाले.