माहेरच्या नावाचा रकाना

कुळाची नोंद ठेवण्याची आपली परंपरा जुनी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दक्षिण महाराष्ट्रातील हेळव्यांच्या चोपड्या आणि विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी छापलेले कुलवृत्तान्त ही तिची परिचित रूपे. कुलवृत्तान्तांतील मजकुरात सुनांच्या माहेरची माहिती पुष्कळदा सापडते. वृक्षाच्या आकृतीत मात्र बहुधा पुरुषच असतात. वंशावळ हीदेखील एक संहिता आहे आणि तिची चौकट काय वगळायचे ते आधीच ठरवून टाकते, याची जाणीव आम्हांला घरातील वंशावळ संगणकावर उतरवताना प्रकर्षाने झाली.

आमच्या संगणकावर लिनक्स असल्याने निवड मुक्त प्रणालींतूनच करायची होती. ‘वेबट्रीज’ देखणी आहे, विखुरलेल्या नातेवाइकांना एकत्र काम करण्यास सोयीची आहे. पण तिला सर्व्हर लागतो. मूळची फ्रान्समधील ‘जेनवेब’ ब्राउझरमधून चालते. ‘अँसेस्ट्रिस’ जावावर आधारलेली असून थेट ‘गेडकॉम’ धारिकेवर काम करते. २००१ साली सुरू झालेली ‘ग्रॅम्प्स’ मात्र सर्व्हरविना घरच्या संगणकावरच चालते. या सर्वांना आम्ही एकच प्रश्न विचारला : आमच्या पणजीला तुम्ही कोठे बसवणार?

पणजीचे सासरचे नाव घरात सर्वांना पाठ होते. लग्नात नाव बदलले, त्यासरशी माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिची तिन्ही पदे पुसली गेली. ‘गेडकॉम’ ही देवाणघेवाणीची पद्धती अमेरिकेतील लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाने १९८४ मध्ये आणली. तिच्यात नाव म्हणजे मुख्यतः व्यक्तिनाम आणि तिरप्या रेघांमधले आडनाव. मधले नाव लग्नानंतर बदलते, ही गोष्ट त्या साच्याला परकी. ‘ग्रॅम्प्स’मध्ये एका व्यक्तीला अनेक नावे देता येतात, जन्मनाव, विवाहोत्तर नाव असा प्रत्येकाचा प्रकार नोंदवता येतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र आधार जोडता येतो. आम्ही ‘ग्रॅम्प्स’ निवडली ती यासाठी. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मात्र नावात घालायचे नाही, असे ठरवले. ते नाते आकृतीतून दिसतेच.

अडचणी उरल्याच. या प्रणालीच्या पंचांगांत ग्रेगरियन आहे, हिब्रू, इस्लामी, इराणी आहे, फ्रेंच राज्यक्रांतीचेही आहे. शालिवाहन शक नाही. जुन्या वहीतील ‘शके १८४२’ ही नोंद म्हणून ‘१९२० ते १९२१ च्या दरम्यान’ अशी लिहावी लागली. मूळ शब्द टिपणात जसेच्या तसे ठेवले, कारण रूपांतर हेही अर्थनिर्णयनच असते. दत्तकाची सोय मात्र उत्तम. एकाच व्यक्तीला जन्मदाते आणि दत्तक घेणारे अशी दोन्ही घरे देता येतात. घराण्यातील एका दत्तक मुलाचे मूळचे आईबाप त्यामुळे पहिल्यांदाच आकृतीत आले.

पणजीच्या माहेरचे आडनाव आमच्या वृद्ध आत्याने आठवून सांगितले. कागद नाही, केवळ आठवण. म्हणून आधाराच्या जागी ‘आत्याचे सांगणे’ असे लिहून विश्वसनीयतेची श्रेणी खालची दिली. ऐकीव माहिती आणि दस्तऐवज यांतला हा भेद विद्यार्थ्यांना शिकवणे सोपे असते. आत्या समोर बसली असताना पाळणे अवघड. आपल्या बोलण्यापुढे आम्ही ‘कमी’ असे लिहिले, हे तिला मुळीच रुचले नाही.

सर्व माहितीची एक प्रत एक्सएमएल स्वरूपात आणि दुसरी ‘गेडकॉम’मध्ये काढून भावंडांना दिली आहे. उद्या ही प्रणाली राहिली नाही तरी साध्या मजकूर-संपादकातही ती वाचता येईल. पणजीच्या जन्मनावाचा रकाना अजून रिकामाच आहे. तिच्या माहेरच्या गावी त्या आडनावाचे कुणी उरले आहे का, याची चौकशी आम्ही सुरू केली आहे.