हात कमी, वेग जास्त

शिरूर तालुक्यातली आमच्या पिढीची बहुतेक मुलं पोहायला शिकली ती विहिरीत. चुलत्यांनी माझ्या पाठीला रिकामा डबा बांधला आणि मला पाण्यात सोडलं. उन्हाळा सरता सरता डबा सुटला, पुढच्या वर्षी मी काठावरून सूर मारू लागले. त्या शिकण्याचं मोल माझ्या लेखी आजही मोठं आहे. खोल पाण्याची भीती कायमची गेली आणि थकल्यावर उताणं पडून दम खाता येऊ लागला. पुढे लग्न होऊन दौंडला आले. माहेरची घोड नदी भीमेला मिळते आणि तीच भीमा दौंडवरून पुढे जाते, त्यामुळे सासरचं पाणीही ओळखीचंच निघालं.

नोकरी मात्र पुण्यात. रोजचा रेल्वेचा पास, रोजची धावपळ. ऑफिसजवळच्या २५ मीटरच्या तलावावर संध्याकाळी महिलांची बॅच होती, तिथे नाव घातलं. पोहणं येतच होतं, मला वेग हवा होता.

विहिरीतलं पोहणं विहिरीसाठीच घडलेलं असतं. डोकं वर ठेवावं लागतं, कारण वरून कोण उडी टाकतंय, पायऱ्या कुठे आहेत, यावर नजर हवी. थोडे हात मारले की समोरची कड येते. तलावात त्याच पद्धतीने एक लॅप मारला की छाती भरून यायची, आणि शेजारच्या लेनमधल्या साठीच्या काकू शांतपणे पुढे निघून जायच्या.

आमच्या कोच मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, ‘‘ताई, हात मारायचं जरा विसरा. आधी नुसतं आडवं पडून दाखवा.’’ त्यांनी माझ्या मानेमागे तळहात ठेवला, डोकं हलकेच खाली दाबलं आणि तळाच्या काळ्या पट्टीकडे बघायला लावलं. त्याच क्षणी कंबर वर आली आणि टाचांना पाण्याबाहेरची हवा लागली. इतकी वर्षं माझे पाय खाली लोंबकळत होते, हे मला तेव्हा कळलं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. डोकं वर काढलं की कंबर बुडते आणि पाय नांगराच्या फाळासारखे पाणी फाडत मागून ओढले जातात. शिवाय वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा अडथळा साधारण चौपट होतो. म्हणून नुसता जोर लावून फार पुढे जाता येत नाही. अंग सरळ आणि आडवं ठेवून अडथळा कमी केला, तर आहे त्याच ताकदीत वेग मिळतो.

सगळ्यात जास्त वेळ श्वासाने घेतला. विहिरीत आम्ही दम कोंडून पोहायचो आणि तोंड वर काढून एकदम हवा ओढायचो. इथे चेहरा पाण्यात असतानाच नाकातोंडाने सावकाश श्वास सोडायचा होता. मग मान वर न उचलता अंगासोबत कुशीवर वळायचं, एक गॉगल पाण्यातच ठेवायचा आणि हवा घ्यायची. उथळ बाजूला कठडा धरून मी हे करत राहायचे. श्वास पूर्ण सुटला नाही तर नव्या हवेला आत जागाच उरत नाही आणि दुसऱ्या लॅपलाच धाप लागते. हे जमलं त्या दिवसापासून लांब अंतराची धास्ती संपली.

मग हाताकडे वळलो. मी पाणी खाली दाबत होते, त्याने छाती उचलली जाते, शरीर पुढे सरकत नाही. हात पाण्यात गेल्यावर कोपर उंच ठेवायचं, बोटं तळाकडे वळवायची आणि पंज्यापासून कोपरापर्यंतच्या सगळ्या हाताने पाणी मागे लोटायचं. यासाठी मॅडम मुठी बंद करून पोहायला लावत. मुठीने पाणी धरता येत नाही, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंतचा हात आपोआप कामाला लागतो. त्यानंतर पंजा उघडला की तो वल्हं झाल्यासारखा वाटतो. एका लॅपला मला २८ हात लागत. ते हळूहळू २१ वर आले आणि वेळही कमी झाला. दोन्ही आकडे सोबत पाहायचे असतात. नुसते हात कमी करण्याच्या नादात माणूस पाण्यावर रेंगाळतो.

सरावाची घडीही बदलली. पूर्वी मी थकेपर्यंत सलग पोहत असे. थकलेलं अंग वाकडंतिकडं पोहतं आणि तेच अंगवळणी पडतं. आता आधी हलके लॅप, मग अंग ताजं असतानाच ड्रिल, त्यानंतर ५० मीटर आठ वेळा आणि प्रत्येक वेळी मध्ये २० सेकंद विश्रांती, शेवटी सावकाश पोहणं. आठवा ५० मीटर पहिल्याच्याच वेळेत आला पाहिजे, हा नियम. ढब मोडली की वेग कमी करायचा. रविवारी एकदाच तासन्‌तास पोहण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा थोडं पण नीट पोहण्याने कितीतरी जास्त फायदा झाला. परतीच्या गाडीत, उरुळी सुटलं की मी वही काढते. वेळ, हातांची संख्या आणि पुढच्या खेपेला लक्ष द्यायची एकच गोष्ट लिहिते.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक मिळवलं. पुढे तहसीलदाराची नोकरी करत तो पुन्हा पाण्यात उतरला आणि २०१८ साली जकार्त्यात ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला. कांस्यपदक ०.०१ सेकंदाने हुकलं. माझं पोहणं त्या पातळीच्या जवळपासही नाही, पण सेकंदाचा शंभरावा भाग सरावातल्या बारीक सवयींमध्येच कमवावा लागतो, हे वही भरताना मनाशी पक्कं झालं.

आमच्या शिरूर-दौंडच्या पोरापोरींकडे धाडस आणि पाण्याची ओढ आधीपासूनच आहे. पण वेगाचा सराव नदीत किंवा कालव्यात करू नये. कालव्याच्या धारेला जोर असतो आणि कडा निसरड्या असतात, भीमेच्या पात्रात वाळूउपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत, उजनीच्या फुगवट्यात तळाचा अंदाज येत नाही. या सरावाला थांबलेलं पाणी, मोजलेलं अंतर, घड्याळ आणि काठावर जाणतं माणूस लागतं. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला तलावावर ठरलेली वेळ आणि शिकलेला प्रशिक्षक मिळावा, ही मागणी पालकांनी ग्रामसभेत आणि नगरपालिकेत लावून धरली पाहिजे. विहिरीत न घाबरता उडी टाकणाऱ्या मुलीला नीट श्वास आणि नीट हात शिकवला, तर ती जिल्ह्याच्या स्पर्धेत कुणालाही मागे टाकेल, अशी माझी खात्री आहे.