फाटत्या आवाजाचा बंदोबस्त

गिटारचा आवाज मुद्दाम फाडून घेण्यासाठी माणसे पैसे मोजतात ही गोष्ट, ज्यांची हयात परभणीच्या स्टेशन रोडवर रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करण्यात गेली अशा कारागिरांना सांगितली, म्हणजे त्यांच्या मुद्रेवर प्रथम अविश्वास आणि मागाहून करुणा उमटते. कारण फाटलेला आवाज पूर्ववत करून देणे हाच ज्यांच्या चरितार्थाचा मार्ग, त्यांच्याच दुकानातून कंडेन्सर आणि डायोड विकत नेऊन नेमके उलटे कार्य करणारा माझ्यासारखा पाटबंधारे खात्याचा पेन्शनर त्यांना गिऱ्हाईक म्हणून लाभावा, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. मी त्यांच्याशी वाद घालीत नाही. त्यांच्या आणि माझ्या कामात त्यांना वाटते तितके अंतर नाही, एवढेच मनाशी म्हणतो.

ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्या दरम्यान, वादकाच्या पायाशी ठेवावयाची तळहाताएवढी पेटी. तिचा पूर्वेतिहास मोडतोडीचा आहे. अमेरिकेत मेम्फिस येथे १९५१ साली ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा नादुरुस्त अँप्लिफायरचा घोगरेपणा तसाच राहू दिला गेला, आणि पुढे १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिस याने आपल्या लाउडस्पीकरच्या कागदी पडद्यावर पाते चालवून हवा तो खरखरीत स्वर मिळवला. प्रत्येक वेळी पडदा चिरणे कोणाच्याही खिशाला परवडणारे नसल्यामुळे हे काम विद्युन्मंडलाकडे सोपवण्यात आले. जपानात १९७७ साली बॉसचे ‘ओडी-१’ आले, आणि त्यामागोमाग आयबानेझचे हिरव्या रंगाचे ‘ट्यूब स्क्रीमर’. सुसुमु तामुरा यांनी आखलेले हे दुसरे मंडल आजतागायत जगभरच्या हौशी कारागिरांचे मूळ दप्तर होऊन राहिले आहे, आणि मीही त्याच्याच नकला करीत व त्यांत फेरफार करीत आलो आहे.

या हिरव्या पेटीच्या पोटातील ‘४५५८’ या आठ पायांच्या चिपभोवती पाश्चात्त्य देशांत केवढी भाविकता साचली आहे! अमुक कारखान्याची, अमुक अक्षरे छापलेली जुनी चिप मिळावी म्हणून तेथील शौकीन नव्या पेडलच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम मोजायलाही मागेपुढे पाहत नाहीत. आमच्याकडे हीच चिप बास-ट्रेबलच्या तयार पट्टीवर बसलेली असते, आणि ती पट्टी गावोगावच्या घरगुती अँप्लिफायरांत, भंगारात निघालेल्या होम थिएटरांत आणि जत्रेतल्या पाळण्याशेजारी केकाटणाऱ्या पेट्यांत इतकी सर्वत्र पसरलेली आहे की, दुकानदार ती मोजून देण्याऐवजी चिमटीने उचलून देतो. चिपांची अदलाबदल करून पाहण्याचा सोपस्कार मीही यथासांग पार पाडला आहे, आणि माझा निर्णय असा की, या मंडलात चिपमुळे पडणारा फरक कानापेक्षा श्रद्धेला अधिक ऐकू येतो. फरक पडतो तो एका क्षुद्र कंडेन्सरने, ज्याच्याकडे कोणी भाविक ढुंकूनही पाहत नाही.

हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. गिटारच्या तारेतून निघणारा विद्युत्प्रवाह इतका दुबळा असतो की, त्याचा दाब व्होल्टच्या एखाद्या दशांशाच्या आसपास घुटमळतो. चिप त्याला सुमारे बारापट ते, ड्राइव्हची कळ पूर्ण फिरवली असता, सुमारे एकशे अठरापट वाढवते. चिपच्या फीडबॅकच्या वाटेवर एकमेकांकडे पाठ करून दोन सिलिकॉन डायोड बसवलेले असतात. त्यांच्यावरचा दाब सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत पोचला की ते वाहू लागतात आणि वाढीला अटकाव होतो. लहरीचे गोलाकार शिखर सपाट होते, आणि त्या सपाटीतून मूळ स्वरात नसलेले वरचे अंशस्वर जन्म घेतात. येथपर्यंत सर्व सरळ आहे. परंतु डायोड फीडबॅकच्या वाटेवर असल्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते: बाहेर पडणाऱ्या लहरीत मूळ लहर जशीच्या तशी शिल्लक राहते आणि छाटलेली लहर तिच्यात मिळवली जाते. वादकाच्या बोटाचा दाब, नखीचा तिरपा घाव, हात आवरता घेण्याची क्रिया, हे सारे त्या गदारोळातही पोचते, याचे कारण तामुरांच्या मंडलाने मूळ स्वराचा हक्क अबाधित ठेवलेला असतो.

आता त्या कंडेन्सरविषयी. चिपच्या एका पायापासून ४.७ किलोओहमचा रेझिस्टन्स (पिवळा, जांभळा, तांबडा असे ज्याच्या अंगावर पट्टे) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हे दोघे पाठोपाठ उभे असतात, आणि त्यांच्या गुणाकाराने ७२० हर्ट्‌झची एक सरहद्द आखली जाते. त्या सरहद्दीच्या खालील स्वर जसजसे खर्जाकडे जावेत तसतशी त्यांची वाढ कमी होते, व म्हणून ते कमी छाटले जातात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्‌झवर बोलते. ती जर बारीक तारांइतकीच छाटली गेली, तर सबंध वादनाचा चिखल होतो. कंडेन्सर ०.१ चा केला तर सरहद्द ३३९ वर उतरते, आवाज भरदार होतो, आणि नवख्या माणसाला ही सुधारणाच वाटते. मात्र ढोलकी आणि बास यांच्या संगतीला बसले, म्हणजे तीच सुधारणा सगळ्यांच्या वाटेत आडवी येते. आवाज फाडणे कोणालाही जमते. त्यातील कोणत्या भागाला हात लावावयाचा नाही, हे ठरवण्यात पेडल करणाराचे सारे कसब खर्ची पडते.

आपल्याकडे ही समज फार जुनी आहे, असे मला मिरजेच्या तंतुवाद्यांकडे पाहून वाटते. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतून तेथे सतार-तंबोऱ्याची कारागिरी उतरली. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा ते अशा अदमासाने घासतात की, तार त्या किंचित बाकदार पृष्ठाला ओझरती चाटून जावी, आणि सुताचा एक धागा मागेपुढे सरकवताच स्वराला जवारी फुटावी. स्वच्छ तारेत मुद्दाम घडवून आणलेला हा दोष आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीवर लिहिताना दाखवले की, तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्यांचा निस्पंद येतो ते अंशस्वर नियमाप्रमाणे निघता कामा नयेत, तरीही तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात. हे साम्य मी फार ताणणार नाही. जवारी स्वर छेडल्यानंतर सावकाश उमलते. पेडलचा खरखरीतपणा घावासरशी उसळतो आणि स्वर विरत जाईल तसा निवळतो. पण षड्ज आणि पंचम एकत्र वाजवून ओव्हरड्राइव्हमधून सोडले असता, दोन आणि तीन यांच्या प्रमाणातून एकाचा, म्हणजे कोणीही न छेडलेल्या खर्जाचा, स्वर खालून उभा राहतो, तेव्हा तंबोरा जुळल्याचे समाधान मला होते. गंधार मिळवला, की मात्र हाच हिशेब विसकटून कलकलाट होतो. रॉक वादक षड्ज-पंचमाला इतके का चिकटून असतात, याचे उत्तर मला संगीताच्या पुस्तकात सापडण्यापूर्वी माझ्या मेजावर सापडले.

परभणीच्या हवेचाही या कामात अधिकार आहे. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंतून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ‘एसी १२८’ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर निघतात, आणि फझ नावाच्या अधिक रासवट पेडलसाठी ते परदेशांत रत्नांच्या भावाने शोधले जातात. असे रत्न हाती आल्यावर मोह कोणाला सुटला आहे? परंतु जर्मेनियममधील गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, म्हणजे पंधरा अंशांच्या पौषातील पहाटेपासून पंचेचाळीस अंशांच्या वैशाखातील दुपारपर्यंत ती आठपट झालेली असते. जो फझ थंडीत मधाळ वाजला, तोच उन्हाळ्यात तोतरा बोलू लागतो, आणि रात्री अंगणात गारवा उतरल्यावर पुन्हा शहाण्यासारखा वागतो. सिलिकॉनचा डायोड याच फरकाने जेमतेम ६० मिलिव्होल्ट ढळतो. म्हणून मराठवाड्यात राहणाऱ्याने ओव्हरड्राइव्ह करावा आणि जर्मेनियमची रत्ने डबीत ठेवून अधूनमधून पाहावीत, असे माझे मत आहे.

सामानाची तजवीज करण्यास पूर्वी हैदराबाद हेच आमचे शहर होते. निजामाचा अंमल १९४८ च्या सप्टेंबरात संपला, तरी परभणीच्या माणसाची पावले खरेदीसाठी त्या दिशेला वळण्याचा शिरस्ता पुढेही बराच काळ टिकला, आणि कोठी भागातील गुजराती गल्लीत मी आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा अधिक मोकळेपणाने वावरतो. पायाने दाबावयाचा नऊ पायांचा स्विच तेवढा बाहेरून आणावा लागतो. बाकी गावात मिळते. पेटीसाठी परदेशी ओतीव अॅल्युमिनियम मागवण्याची मुळीच गरज नाही. इलेक्ट्रिशियन लोक भिंतीत पुरतात ती जीआयची पेटी स्वस्त, टणक आणि बाहेरच्या विजेचा उपद्रव रोखणारी असते, फक्त तिच्या झाकणाखाली लाकडाची एक पट्टी द्यावी म्हणजे पायाच्या भाराने ते दबत नाही. डाख देताना राळ असलेली तार वापरावी. कल्हईवाल्याचा नवसागर येथे चालत नाही, तो तांबे कालांतराने खाऊन टाकतो.

उपद्रवाचे नाव निघाले म्हणून सांगतो. अॅडॅप्टरवर पेडल चालवले, की त्यातून १०० हर्ट्‌झची जी गुणगुण येते, ती पांढरी पाचच्या खालच्या स्वरापेक्षा किंचित चढी असते. कान एकदा तिला सरावला, की पंखा, फ्रीज, रस्त्यावरचे रोहित्र, सगळे त्याच एका सुरात बसलेले ऐकू येतात, आणि पांढरी पाचमध्ये वाजवायला बसले की मन उगाच अस्वस्थ होते. नऊ व्होल्टच्या सेलवर हा त्रास नाही, व पेडलची भूक मोजक्या मिलिअँपिअरांची असल्यामुळे सेल दीर्घकाळ पुरतो.

माझ्या हातून झालेल्या कामांपैकी मला ज्याचा अभिमान आहे, ते गिटारसाठी झालेलेच नाही. जिंतूर तालुक्यातील एका बँजो पार्टीचा वादक आपले वाद्य कापडात गुंडाळून घेऊन आला. आपल्याकडचा बँजो म्हणजे बुलबुल तरंग, १९१२ साली जपानात नागोया येथे गोरो मोरिता यांनी काढलेल्या ताइशोगोतोचा भारतीय वंशज; तेव्हा वाद्य आणि पेडल दोन्ही एकाच देशाचे निघाले. त्याची मागणी स्वच्छ होती. “काका, आवाज फाटला तर चालंल, पण गाण्याचे बोल कळाले पाहिजेत. चौदा एप्रिलला चौकात भीमगीत वाजवतो अन् बोल नाही कळाले, तर पोरं तिथंच ओरडतेत.”

शब्द नसलेल्या वाद्याने बोल कळवावेत, ही अपेक्षा अवास्तव वाटेल. पण ऐकणाऱ्यांना गाणे पाठ असते, आणि कळीगणिक स्वराचा आरंभ स्पष्ट उमटला, तर शब्द त्यांच्याच ओठांवर येतात. म्हणून मी सिलिकॉन डायोड काढून तेथे तांबडे एलईडी बसवले. त्यांचा अटकाव सुमारे १.७ व्होल्टपर्यंत लांबत असल्यामुळे नखीच्या घावाला मोकळीक मिळाली. सरहद्द ३३९ वर आणली, कारण बँजोला चिखल करणारी जाड तार नसते आणि मधल्या सप्तकातील चाल बारीक पडत होती. पोलादी तारांचा किरकिरेपणा छाटणीनंतरच्या गाळणीत ०.२२ ऐवजी ०.३३ चा कंडेन्सर घालून उतरवला. माझ्या खोलीतल्या लहान स्पीकरवर हे सारे छान वाजले, आणि मला त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. कारण मिरवणुकीतील कर्णा तीनशे हर्ट्‌झच्या खाली फारसे बोलतच नाही, आणि त्याच्यामागचा आहुजा अँप्लिफायर पोरांच्या आग्रहापुढे स्वतःही फाटत असतो. म्हणून आम्ही त्याच्या गावी जाऊन, टेम्पोवर कर्णे बांधून, भर दुपारी शेताच्या बांधावर परीक्षा घेतली. गाळणी पुन्हा ०.२२ वर आली. कर्णा जे आपणहून करीत होता ते दुसऱ्यांदा करण्याचे प्रयोजन नव्हते.

सध्या माझ्या मेजावर पूर्णेहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीचे काम आहे. रेल्वे वसाहतीत वाढलेली ही मुलगी गिटार उत्तम वाजवते, आणि तिला पेडल नऊऐवजी अठरा व्होल्टवर चालवून हवे आहे, कारण तसे केल्याने आवाज ‘मोकळा’ होतो असे तिच्या बँडमधील जाणकारांनी तिला बजावले आहे. मी तिला कागदावर हिशेब मांडून दाखवला की, डायोड वाढीला ०.६ व्होल्टवरच अडवतात, त्यात गिटारची मूळ लहर मिळवली तरी नऊ व्होल्टच्या छताला डोके लागत नाही, मग छत दुप्पट उंच करून काय साधणार. इतर मंडलांत त्याचा उपयोग असेल, या मंडलात तो खर्च अकारण आहे. तिने हिशेब नीट तपासला, ४.७ किलोओहमच्या जागी मी घाईत लिहिलेला ‘के’ गिरवून ठळक केला, आणि म्हणाली, “पटलं काका. नऊवरच ठेवा. पण डब्यावर अठरा लिहून द्या, म्हणजे पोरं गप्प बसतील.”