घर पाहावे ठोकून



‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपणा सर्वांना ठाऊक आहे. आमच्या वाट्याला बांधणे आले नाही, विकत घेणे आले. नोकरी संपली तेव्हा उरलेले दिवस भोरकडे काढायचे असे आम्ही उभयतांनी ठरवले. उत्रोलीत एक जुने कौलारू घर विक्रीला होते. अंगणात तुळशीवृंदावन, ओटीवर विठ्ठल-रखुमाईची तसबीर, आणि घरमालक आमच्याच दिंडीतले माळकरी. कित्येक वर्षे आम्ही एका राहुटीत झोपलो, एका पंगतीला जेवलो. घर पाहताच मी होकार देऊन बसलो.

कागदपत्रे मात्र नीट पाहिली. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा असतो. त्यावर नाव आहे एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, हे वकिलांनी समजावले. दुय्यम निबंधक कार्यालयात 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेतला. घर वडिलार्जित, म्हणून त्यांच्या बहिणींच्याही सह्या मागितल्या. हे मागताना मला संकोच वाटला नाही आणि त्यांनाही राग आला नाही.

पण सौ. म्हणाली, “कागद पाहिलात, आता घरही एखाद्या जाणत्याला दाखवा,” तेव्हा माझी जीभ अडखळली. माळकऱ्याच्या घराच्या भिंती ठोकून बघायच्या? त्यांना काय वाटेल? आठ दिवस मी तो विषयच टाळला. शेवटी सौ.नेच फोन केला. ते म्हणाले, “या की माउली, घर तुमचंच समजा.”

आषाढी करून आलो होतो, पाऊस सुरूच होता. अभियंता आणि एक वयस्कर सुतार यांना घेऊन गेलो. अभियंता आधी आत शिरलेच नाहीत. घराभोवती फेरी मारून पागोळ्यांचे पाणी कुठे पडते, कुठे साचते ते पाहिले. मग भिंतींना ओळंबा लावला. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते. त्या भिंतीच्या तळाला लोणा धरला होता आणि रंग तेवढ्याच भिंतीला नवा होता. बोटाने ठोकले तर गिलावा पोकळ वाजला.

सुतार शिडीवर चढले. तुळई मध्ये ठोकली, खणखणीत आवाज आला. भिंतीत शिरते त्या टोकाशी ठोकली, आवाज बद्द आला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तो चार बोटे आत गेला. वरून रंग, आत भुसा.

त्या तुळईखाली घरमालकांच्या आईची खाट होती.

कुणी काही बोलेना. घरमालकांनी स्वतः खाट उचलून दुसऱ्या खोलीत नेली. परत आले ते खाली मान घालूनच. म्हणाले, “ओल दिसत होती माउली. विकायचं म्हणून रंग दिला. पण आत एवढं झालंय हे ठाऊक नव्हतं. दोन पावसाळे आई इथंच झोपतेय.” त्याच दिवशी सुतारांनी तुळईला टेकू दिले.

माउली, मी रागावू कुणावर? त्यांनी ओल झाकली, हे खरे. पण भिडेपोटी गप्प बसून मीही तेच करत होतो.

पालखी तळावर समाजआरती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. चोपदारांनी चोप उंचावला की सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिच्यापाशी जातात, ऐकून घेतात, आणि मग आरती होते. तिथे कुणी म्हणत नाही, की तक्रार करणाऱ्याची भक्ती कमी पडली. सोहळा शेकडो वर्षे टिकला त्यात या ऐकून घेण्याचाही वाटा आहे. मग एका घराच्या व्यवहारात माझे टाळ मी का दाबून धरले होते?

पुढे घर आम्हीच घेतले. तुळई बदलण्याचा खर्च किमतीतून वजा झाला आणि तो आकडा त्यांनीच सांगितला. नव्या तुळईच्या टोकांभोवती भिंतीत हवा खेळेल अशी जागा ठेवली आणि पश्चिमेची वळचण हातभर पुढे काढली. आता कार्तिकीला निघताना ते आमच्याकडे मुक्कामाला येतात.

आपणही घर घ्याल, मुलाबाळांसाठी पाहाल. तेव्हा विसार देण्याआधी तपासणी करा, नंतर नव्हे. शक्यतो भर पावसात पाहा. उन्हाळ्यात प्रत्येक घर कोरडेच असते. एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर कारण विचारा. समोरचा ओळखीचा असेल, गुरुबंधू असेल, तर नक्कीच विचारा. परक्याशी व्यवहार बिघडला तर पैसा जातो. आपल्या माणसाशी बिघडला तर पंढरीची वाटही अवघडते.

आणि विचारायला जीभ अडखळली, तर त्या छपराखाली कोण झोपते ते आधी पाहा.

रामकृष्ण हरी!