फंडाचा फंडा

पहिल्या पगाराचा एसएमएस आला तेव्हा मी एफसी रोडवर मैत्रिणींना ट्रीट देत होते. जुलै २०१९चा पगार. ऑफर लेटरवर २४ हजार, खात्यात २२,३६०. दोनशे प्रोफेशनल टॅक्सचे, ते ऐकून माहीत होते. पण १,४४० रुपये? अहो, त्या काळात तेवढ्यात माझी महिन्याची मेस निम्मी व्हायची! मी तिथूनच घरी फोन लावला.

"तात्या, पहिल्याच महिन्यात पैसे कापले हो."

"फंडाचं असतील. कापू दे की. कापत्यात म्हणून तर राहत्यात."

आमचं शेळगाव इंदापूर तालुक्यात. बारामतीहून इंदापूरला जाताना फाट्यावर उतरायचं. एका बाजूला भवानीनगरचा साखर कारखाना, दुसऱ्या बाजूला वालचंदनगरची कंपनी. त्यामुळे आमच्याकडे प्रॉव्हिडंट फंड हा विषय एक्सेल शीटमधून येत नाही, पाराच्या गप्पांमधून येतो. मुलगी बघायला आलेल्यांची ओळख करून देतानाही "मुलगा पर्मनंट आहे, फंड कापतात" हे वाक्य शिक्षणाच्या आधी यायचं. तात्या एका सहकारी साखर कारखान्यात होते, आधी हंगामी आणि मग कायम. ताईच्या लग्नाला फंडातून पैसे काढले, घरालाही काढले. (अर्जावर 'घरबांधणी' लिहून कालव्यावरून किती जणांनी पाइपलाइन आणली, हे आमच्या भागात कुणी कुणाला विचारत नाही.)

मला मात्र मास कॉमच्या तीन वर्षांत कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर शिकवलं, पगाराची पावती वाचायला कुणी शिकवलं नाही. तुम्हालाही शिकवलं नसेल, म्हणून माझीच पावती उघडते. माझा बेसिक १२ हजार. त्याचे १२ टक्के माझे, १,४४०. कंपनीही तेवढेच भरते, पण ते सगळे फंडात जात नाहीत. ८.३३ टक्के पेन्शनला जातात, म्हणजे माझ्याबाबतीत एक हजार, आणि उरलेले ४४० फंडात. बेसिक कितीही वाढला तरी पेन्शनचा हिशोब २०१४ पासून १५ हजारांवर थांबायचा, म्हणजे महिन्याला १,२५० रुपयांवर. पुढच्या नोकरीत माझा बेसिक १८ हजार झाला, पण त्या कंपनीने फंडही १५ हजारांवरच कापला. तेव्हा मला तो आनंदच वाटला होता. इन-हँड जास्त ना!

आता टॅक्स. फंडाचं कौतुक असायचं ते यासाठी की पैसे आत जाताना, वाढताना आणि बाहेर येताना, तिन्ही वेळा करात सवलत. आपला हिस्सा ऐंशी-सीमध्ये, कंपनीचा हिस्सा १२ टक्क्यांपर्यंत करमुक्त, व्याज करमुक्त, शेवटी हातात पडणारी रक्कमही करमुक्त. (ज्यांचा स्वतःचाच हिस्सा वर्षाला अडीच लाखांच्या वर जातो, त्यांना २०२१-२२ पासून वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागू झाला. अशा वाचकांनी मला एकदा कॉफी पाजावी.) पण या सगळ्या लाडाला एक अट आहे. सलग पाच वर्षं नोकरी हवी.

सलग म्हणजे एकाच कंपनीत नव्हे. इथेच आपली निम्मी पिढी फसते. नोकरी बदलली आणि जुना फंड नव्या खात्यात ट्रान्सफर केला, तर जुनी वर्षं मोजली जातात. मी ते केलं होतं, बरं का. पहिल्या नोकरीत दोन वर्षं दहा महिने, दुसरीत एक वर्ष नऊ महिने. बेरीज करा. चार वर्षं सात महिने.

आणि जानेवारी २०२४ मध्ये मी राजीनामा दिला. फ्रीलान्सिंग करायचं होतं, रिपोर्ताज लिहायचे होते, स्वतःचे व्हिडिओ काढायचे होते. दोन महिने थांबले आणि एप्रिलमध्ये मोबाइलवरूनच फंडाचा क्लेम टाकला. खात्यात साधारण एक लाख चौतीस हजार होते, हातात आले एक लाख वीस. दहा टक्के टीडीएस. पाच वर्षांच्या आत ५० हजार किंवा त्याहून जास्त काढले की कापतात, हे मला ते कापल्यावर कळलं.

घरी सांगितलं. तात्या फोनवर थोडा वेळ गप्प होते.

"किती राहिलं हुतं?"

"पाच महिने."

"पाच म्हईनं कळ काढली असतीस..."

मी भांडले. म्हटलं, तात्या, पाच महिने त्या ऑफिसात बसणं म्हणजे काय हे तुम्हाला नाही कळायचं. ज्या माणसाने बॉयलरच्या धगीत पस्तीस हंगाम काढले, त्याला मी हे ऐकवलं. ते काहीच बोलले नाहीत.

पुढची गंमत सीएनं सांगितली. पाच वर्षांच्या आत फंड काढला की तो मान्यताप्राप्त फंड नव्हताच असं समजून मागच्या प्रत्येक वर्षाचा हिशोब पुन्हा करतात. कंपनीचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज पगारात, आपल्या हिश्श्याचं व्याज इतर उत्पन्नात, ऐंशी-सीत घेतलेली सवलत परत. माझे हातपाय गार पडले. मग तो हसून म्हणाला, "मॅडम, तुमचं उत्पन्नच एवढं कमी आहे की त्या कुठल्याच वर्षी कर बसत नाही." गरिबीचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. रिटर्न भरलं आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये टीडीएस परत आला.

म्हणजे माझं नुकसान टॅक्सनं केलंच नाही. टॅक्स परत आला. गेलं ते खात्यातलं सव्वा लाख आणि त्याहून मोठं, ती चार वर्षं सात महिने. उद्या पुन्हा नोकरी धरली तर माझी पाच वर्षं शून्यापासून. पैसे तिथेच ठेवले असते तर नव्या नोकरीच्या सहाव्या महिन्यात मी पलीकडे गेले असते. त्या पैशांतून घेतलेला सेकंडहँड कॅमेरा आता कपाटात आहे, कारण काम मिळतं ते लिहिण्याचं. बाकीचे धायरीच्या फ्लॅटच्या डिपॉझिटमध्ये गेले.

फंडाला हात लावला की माणसं का पेटतात, हे मी पहिल्यांदा २०१६ मध्ये पाहिलं होतं. माझी बारावीची परीक्षा चालू होती. २९ फेब्रुवारीला अरुण जेटलींनी बजेटमध्ये जाहीर केलं की एक एप्रिलनंतरच्या हिश्श्यातून जमलेल्या फंडावर, काढताना ६० टक्के रकमेवर कर लागेल, पेन्शन योजनेत गुंतवली तर नाही. मी पुस्तक उघडून बसलेली आणि ओसरीवर तात्या आणि त्यांचे तीन-चार सोबती जोरजोरात बोलत होते. त्यांचा प्रश्न साधा होता, आमचं पैसं आम्ही कशात घालायचं ते सरकार कोण सांगणार? देशभर एवढा आरडाओरडा झाला की आठ मार्चला, म्हणजे नऊ दिवसांत, प्रस्ताव मागे गेला.

त्याच ओसरीवर मी दुसरी एक गोष्ट ऐकलेली. कारखान्याने फंडाचे पैसे थकवले आणि गोदामातली साखर बँकेकडे गहाण असेल, तर साखर विकून आधी कुणाचे पैसे द्यायचे? राज्य सहकारी बँक या प्रश्नावर सुप्रीम कोर्टात गेली आणि २००९ मध्ये कोर्टाने सांगितलं, आधी कामगारांचा फंड, मग बँक. तात्यांना निकालाचं नाव माहीत नाही. "पोत्यावर पयला हक्क आपला," एवढंच ते सांगतात, पण ज्या ऐटीत सांगतात ना!

मागच्या महिन्यात चुलत बहिणीचा फोन आला. हिंजवडीत पहिली नोकरी, बेसिक २२ हजार. एचआरनं विचारलंय, पीएफ हवा की नको? पहिल्या नोकरीत बेसिक १५ हजारांच्या वर असेल तर बाहेर राहता येतं. तिचं लॉजिक एकदम पक्कं होतं. "ताई, नव्या रेजीममध्ये ऐंशी-सी नाहीच. २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंत टॅक्सही नाही. मग कापून घेऊन फायदा काय?"

तिचं चुकत नव्हतं. आपण सगळे मार्चमध्ये टॅक्स वाचवायला पैसे टाकायचो आणि त्याला सेव्हिंग म्हणायचो. ते कारणच संपलं. मी तिला म्हटलं, कंपनीचा हिस्सा नव्या रेजीममध्येही करमुक्त आहे, व्याज करमुक्त आहे, पाच वर्षांनी काढलेलं करमुक्त आहे. पण तो हिस्सा तुझ्या सीटीसीमध्येच धरलाय का ते बघ. धरला असेल तर नको म्हटल्यावर ते पैसे पगारात मिळतील, आणि तुला ते बाजूला ठेवावे लागतील. ठेवशील?

"नाही," ती म्हणाली. प्रामाणिक आहे पोरगी. "गोव्याला जाईन."

तिनं पीएफ घेतला. नोकरी बदललीस तर काढू नकोस, ट्रान्सफर कर, एवढं मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

माझं कुणीच कापत नाही. मानधनातून टीडीएस जातो, पण तो सरकारला, मला नाही. तात्यांना पेन्शन मिळते महिन्याला तीन हजारांच्या थोडी वर. पस्तीस हंगामांची. त्यात औषधंही भागत नाहीत, हे ते सांगत नाहीत, आई सांगते. दिवाळीत गावी गेले तेव्हा त्यांनी मला पोस्टात नेलं. पीपीएफचं खातं, वर्षाला किमान पाचशे, मुदत पंधरा वर्षं. पहिले दोन हजार त्यांनी स्वतःच्या खिशातून काढून काउंटरवर ठेवले. मी नको म्हणत होते, पण मागे रांग होती.

तिथे त्यांना कळलं की पाच तारखेच्या आत भरलं तरच त्या महिन्याचं व्याज धरतात. तेव्हापासून दर महिन्याच्या चार तारखेला त्यांचा फोन येतो. आधी पाऊसपाणी, उसाला तोड मिळाली का, आईचा गुडघा. मग, "भरलं का गं?"

आज चार तारीख आहे. एका मासिकाचे दोन महिन्यांचे पैसे यायचेत, खात्यात ३,१०० रुपये आहेत आणि फोन वाजतोय.