मालेगावचा तांब्या व नाशिकचे नहपान

मालेगावी मोसमकाठच्या आमच्या जुन्या घरी चांदीचा एक तांब्या आहे. त्याच्या काठावर आजेसासऱ्यांचे नाव कोरलेले असून खाली दुसऱ्याच कोणाचे नाव अर्धवट घासलेले दिसते. गहाण आलेला तो तांब्या सुटलाच नाही. यंदा वाटणीच्या वेळी ‘परक्याच्या नावाचे भांडे देवापुढे नको’ म्हणून थोरल्या जाऊबाईंनी तो आटवावयास काढला. मी चार दिवसांची मुदत मागितली आणि चांदवड, पिंपळगाव मागे टाकीत आग्रा रस्त्याने नाशिकची पांडवलेणी गाठली.

कारण असे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक रुप्याची नाणी सापडली. एका बाजूस राजाचे मुख व भोवती ग्रीक अक्षरे. दुसरीकडे बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. लिप्या तीन, भाषा मात्र प्राकृतच! नाण्यावर राजमुख उठविण्याची रीत इकडे यवन राजांनी आणली. शिवाय भडोच बंदरी रोमचे सोन्यारुप्याचे नाणे येई व नफ्याने बदलले जाई. रोमच्या रुप्याच्या देनारियसवर ऑगस्टस वा टायबेरियस पर्णमाला मस्तकी धारण करून असे. टायबेरियसच्या नाण्यामागे आसनस्थ स्त्री आहे, ती त्याची माता लिव्हिया असे पुष्कळजण मानतात. नहपानाच्या मुद्रेवर या रोमन मुखांचीही छाया जाणकारांस दिसते.

जोगळटेंभीच्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला आहे: एकीकडे तीन कमानींचा डोंगर व स्वतःचे नाव, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह. रुपे आटविले नाही. हातातील छायाचित्रात डोंगराआडून नहपानाचे नाक स्पष्ट दिसत होते. मला हसू आले.

दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. सत्तर हजार कार्षापणांचा हिशेब, पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण, असा काटेकोर. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री, आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे अभिमानाने सांगते. आईच ती! पण त्याच डोंगरातील क्षहरातांचा लेख कोणी छिन्नीने खरवडला नाही. पुढे सातवाहनांनीही स्वतःची मुखे रुप्यावर उठविली, ती त्याच क्षत्रपी धर्तीवर.

परतले तो मुदत संपली होती. जाऊबाईंस छायाचित्र दाखविले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले. तांब्या तूर्त माझ्या फडताळात आहे. सराफाकडे जावयाची पिशवीही त्यांनी अजून सोडलेली नाही.